इशारा पातळी

अभिनंदन मगदूम, एजंट, माणूस गोड.
उंबऱ्याबाहेरच चपला काढता काढता सुरू होतो,
"महाद्वार चालत आठ मिनिटं. गंगावेशीत संध्याकाळी
म्हैस डोळ्यांसमोर पिळून दूध.
शाळा, भाजी, दवाखाना, सगळं पायाखाली.
आणि मागं नदी. जुनी पेठ आहे साहेब,
इथं कुणी विकत नाही."

खरंय. इथं कुणी विकत नाही.
माझा दीर विकतोय.

घाट तीन मिनिटांवर, हेही तो सांगतो.
तसंच पुढं चालत राहिलं की स्मशान,
हे सांगत नाही.
वारा तिकडनं असला की मी
दोरीवरचे ब्लाऊज आत घेतो,
गिऱ्हाइकाला कापडाला वास नको.

आमच्या गल्लीत फूट दोन.
एक चौरस, त्याचा भाव मगदूमला पाठ.
एक उभा, राजाराम बंधाऱ्यावरचा.
एकोणचाळीसला आम्ही गाद्या बांधतो,
त्रेचाळीसला निघतो.
जुलै लागला की पेठेत "जेवलास का" कुणी विचारत नाही,
"किती झाली?" विचारतात,
आणि हाजराबी बागवान गच्चीवरनं आकडा ओरडती
पंगतीला हाक मारल्यासारखा.

(दिराशी माझी पडली ती तिसरी फूट.
तिला बंधारा नाही.)

आधी मशीन वर. मग गॅस, मग कागदं, मग देव.
ब्लाऊज उशीच्या अभ्र्यात, पावत्या टाचून, माळ्यावर.
पाणी उतरल्यावर भिंतीला टेप लावून बघितली होती.
एकवीस साली अठ्ठेचाळीस इंच.
एकोणीस साली टेपच पुरली नाही.
साठाच्या वरचं गिऱ्हाईक
त्याआधी माझ्याकडं आलं नव्हतं.

तरी थंडीत पहाटे घाटावर जाऊन बघा.
पाणी वाफ सोडत असतं,
पोरं पाठीला डबा बांधून पायरीवर कुडकुडत उभी,
कुणीतरी मागनं ढकलेपर्यंत.
माझी दोन्ही तिथंच शिकली.
थोरला आता मस्कतला, वाळूत.
फोन केला की आधी नदीचं विचारतो, मग माझं.

दिरानं परवा भिंतीला रंग मारून घेतला. दोन हात.
तिसऱ्या दिवशी रेघ परत वर आली,
कपातल्या वाळलेल्या चहासारखी.

त्याच दिवशी पुण्याची माणसं आली.
मी "आलो, आलो" म्हणत चहा घेऊन बाहेर.
बाई हसली, "बायकापण आलो म्हणतात?"
म्हटलं, इथं म्हणतो.
मगदूमच्या हातात मोजायचं नवं यंत्र.
लाल ठिपका भिंतीवरनं सरसर गेला,
रेघ ओलांडताना जरासुद्धा थांबला नाही.

बाईनं विचारलं, "पाणी कसं आहे इथं?"
मी हात वर करून भिंतीला लावला,
"इथवर."
ती नळाचं विचारत होती.

मगदूम खोकला. साहेब खिडकीतनं नदी बघायला लागले.
त्यांचं पोरगं, सहा-सात वर्षांचं,
भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहिलं.
"ही कुणाची उंची?"
"नदीची."
त्यानं मान मागं टाकून बघितलं.
"अजून वाढती... वाढते का ती?"

मगदूमनं घड्याळ बघितलं.
मी मशीनच्या खणातला खडू दिला, निळा, शिवणाचा.
त्यानं डोक्यावर तळहात ठेवून
आपली रेघ मारली, शेजारी नाव लिहिलं, निहार,
ऱ्हस्व नि काढून, मग खोडून, परत तोच.

माणसं पुन्हा येणार की नाही, मगदूम सांगत नाही.
दीर दोनदा फोन करून गेला.
खडू मी पुसलेला नाही.

रात्री खिडकीतनं हाजराबीला विचारलं, किती?
"सतरा," म्हणाली. "झोप जा."