अकरा चौकटी

पुण्याहून आलेल्या मुलीने रीळ उजेडाला धरलं,
म्हणाली, काका, इथे उडी का आहे?
सातवं रीळ. दिवल्यांचा नाच.
वसुधारा मान वळवायला लागते
आणि लगेच मान वळलेली असते.
जुनी प्रिंट, मी म्हटलं. उंदीर असतील.
उंदीर मोजून अकरा चौकटी खात नाहीत
हे तिलाही कळलं असणार. तिने चहा घेतला.

तिच्या वहीत सगळं होतं.
एकतीस बोलपट, त्यातले चार शिल्लक,
बाकीचे गोदामाच्या आगीत एका रात्रीत.
डावी भुवई. तिच्या नावाची नथ,
जी कोल्हापुरात तिला न विचारता विकली गेली.
थोबाडीत खरी मारायची नाही
अशी अट तिने करारात लिहून घेतली होती, तेही.
‘वारसा’ हा शब्द मुलीने दोनदा वापरला,
फोंड्याच्या बंद थिएटरात, जिथे आता
खालच्या मजल्यावर टाइल्स मिळतात.

वहीत नव्हतं ते सांगतो.
बांदोड्याची गोकुळा, वय पंधरा,
आगबोटीच्या पासासाठी पणजीला रांगेत.
बापाचं नाव काय, कारकुनाने विचारलं.
आईनं देवाचं सांगितलं.
त्यानं लिहून घेतलं, पोर्तुगीजमध्ये, चुकीचं.
सोबत धाकटी भामी.
तिच्याही रकान्यात तेच.

मग चौऱ्याहत्तर साल, मॅटिनी.
प्रेक्षक नऊ, त्यातले दोन झोपलेले.
मी ऑपरेटर, कार्बनच्या कांड्या पुरवून वापरणारा,
त्यामुळे आमचा चंद्र नेहमी पिवळा.
तिसऱ्या रांगेत जाड भिंगांची एक बाई.
पडद्यावर ती क्षयाने मरत होती
आणि खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.
खेळ सुटल्यावर जिना चढून वर आली, धापा टाकत.
पुता, तो नाच परत लावशील?

रिकाम्या थिएटरात लावला.
भिंतीच्या भोकाला डोळा लावून
मी नायिकेकडे बघत होतो, सगळे बघतात तसा.
तिने माझी बाही ओढली.
म्हाका पळोव नाका रे. फाटल्यान पळय.
दावेकडली तिसरी.

नायिका मान वळवते तेव्हा पदर सरतो,
मागे जरा जागा होते,
आणि अर्धा सेकंदही नाही, एवढ्यात
डोक्यावर पेटती दिवली घेतलेली एक मुलगी
थेट आपल्याकडे बघते.
कॅमेऱ्यात बघायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं.
भामी. रोज बारा आणे.
त्याच वर्षी विषमज्वरात गेली.
फोटो काढायचा राहून गेला, बाई म्हणाली,
माझेच काढत होते सगळे.

कात्री मी उचलली. तिने मागितलं नव्हतं.
पुन्हा सांगतो, मागितलं नव्हतं.
टोकं खरवडली, सिमेंट लावलं, दाबून धरली.
अकरा चौकटी चष्म्याच्या घरात मावल्या.
तिने पाच रुपये पुढे केले.
मी घेतले.
त्याची अजून लाज वाटते, कात्रीची नाही.

ती वारली तेव्हा पंचायतीने रस्त्याला नाव दिलं.
बसवाले अजून ‘गॅरेजाकडे, गॅरेजाकडे’ असंच ओरडतात.
चष्म्याचं घर कुणाकडे गेलं
हे मी विचारायला गेलो नाही.

मुलगी म्हणते, काही हरकत नाही,
आधीची चौकट आहे, नंतरची आहे,
मधलं आता कॉम्प्युटर भरून काढतो.
काढेल की. मान बरोबर वळेल,
पदर सरेल, ज्योतसुद्धा हलेल.
मागे मोकळ्या झालेल्या जागेत
दिवली घेतलेली कुणीतरी उभीही करेल तो,
आणि ती, बजावल्याप्रमाणे,
कॅमेऱ्यात बघणार नाही.