पाव फेरा

रॉलिन्सच्या अलीकडे, उणे अठरा.
डॅशमधून येतो तो नुसता सुस्कारा.
व्हर्ना कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेली,
त्याच्यासाठी नव्हे.

इंजिन मागे, पस्तीस फुटांवर.
ऊब आहे तिथे, हवी तेवढी;
पुढे यायचा तिला कंटाळा.

थर्मोस्टॅट नवा. कूलंट काठोकाठ.
बर्फात उताणा पडून नळ्या चाचपल्या:
एक हात पोळवते,
दुसरी मेलेल्या माशासारखी.

मधे पितळी व्हॉल्व्ह. त्यावर चिकटपट्टी,
तिरपं अक्षर:
‘जूनमध्ये बंद केला. थंडीआधी आठवणीने उघड, ऑर्विल.’

गाडी आम्हाला त्याच्या मुलीने विकली,
ऑगस्टात.

पाव फेरा फिरवला.
व्हर्नाने काच उतरवली, काय केलंस?
ऑर्विलचं एक काम राहिलं होतं.
कोण ऑर्विल?

चिकटपट्टी तशीच ठेवली.
जून येईलच.