एका पावलात तीन

बैरुतच्या नदीला काठाच्या जागी सिमेंटच्या भिंती.
बुर्ज हम्मूदच्या पुलाखाली
भिंतीलगतची दोन गुंठे जागा
नाझेलीबाईंनी पालिकेकडून मागून घेतली.

खणलं तर आधी लागले बुटांचे तळ,
मग टायर, मग चामड्याची कातरणं,
कुजायचं नाव न घेणारी.
त्या म्हणाल्या, हे आमच्याच घरचं.
वडील कातडी रंगवायचे.
मंगळवारी नदी लाल, शुक्रवारी निळी.
शाळेतून येताना आम्ही
पाणी बघून वार सांगायचो.

आता तिथं ओक, खरनूब, रानपिस्ता,
एका पावलात तीन.
"एवढी दाटी?" टँकरवाला गराबेद विचारतो.
"आम्ही नाही का राहिलो
एका खोलीत अकरा?
झालोच की उंच सगळे."

पहिल्या उन्हाळ्यात निम्मी गेली.
नदी अजून नाक दाबूनच ओलांडायची.

काल मात्र खरनुबाचं एक पान
भिंतीवरून पाण्यात पडलं.
नाझेलीबाई पुढच्या पुलापर्यंत
त्याच्या बाजूनं चालत गेल्या,
पाहुण्याला वेशीपर्यंत सोडावं तशा.

त्यांच्या घराण्यानं नदीत सोडलेली
ही पहिलीच वस्तू,
जिचा रंग पाण्याला लागला नाही.