नवघरे

तळोज्याला सोडतीत घर लागलं तेव्हा
पेढ्यांचा पहिला पुडा एजंटाकडे न्यावा
हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.
मी नेला.

खारेगावात, पिठाच्या गिरणीवर, एका खोलीत
राहतात नवघरे.
आडनाव खरंच नवघरे.
नव म्हणजे नवीन की नऊ,
एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही.
करार अकरा महिन्यांचा, दलाली एका महिन्याची,
म्हणजे माझा प्रत्येक बारावा महिना त्यांचा.

गिरणीच्या थरथरीने चहावर बारीक वर्तुळं उठत होती.
"ही पण भाड्याचीच," म्हणाले,
आणि पलंगाखालून डायऱ्या ओढल्या,
औषधवाल्यांनी, पतपेढ्यांनी फुकट दिलेल्या.
प्रत्येकीत एक पान माझं.

"विटावा. चाळ. पाणी पहाटे साडेचार.
तुम्ही म्हणालात, चालेल."

म्हणाले असेन.
रबाळ्याच्या लॅबमधली पहिली नोकरी,
केसांना आम्लाचा वास,
तेव्हा सगळंच चालायचं.
महिना उलटून गेला तरी मढवीकाकू दारात उभ्या,
"भारा मंग दे गो, आदी जेवून घे,"
आणि ताटात निवट्यांचं कालवण,
ज्यांच्याकडे बघायचीही मला भीती वाटायची.

"कोपरी. तिसरा मजला. मालकांनी विचारलं, एकट्याच?
तुम्ही म्हणालात, भाऊ येतो अधूनमधून."

नवघऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं.
भाऊ नव्हता तो.
खिडकीला पडदा म्हणून माझी पिवळी ओढणी
दोन खिळ्यांवर ताणून त्यानेच बसवली होती.
तो मस्कतला गेला, त्या आठवड्यात मी ओढणी काढली.
खिळे राहिले.
डिपॉझिटमधून दोनशे रुपये गेले खिळ्यांचे.

"ऐरोली, सेक्टर तीन. उजेड कमी."

"कळवा. सहा महिन्यांत सोडलं. कारण लिहिलेलं नाही."
कारण मलाही आठवत नाही.
आठवते ती जिन्याची अकरावी पायरी,
बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच.
अंधारात अजून तिथे पाय जास्त उचलतो,
जिना कुठलाही असो.

"घणसोली. आई येणार राहायला.
तळमजलाच हवा म्हणालात."

यावर दोघंही गप्प.
खाली कुणाचं तरी बाजरीचं दळण चाललं होतं.
आई तिथे कुणाला ओळखत नव्हती.
दुपारभर दारात बसून
विजेच्या उंच मनोऱ्यांकडे बघायची,
"या तारा कोयनेवरनं येत्यात,
आपल्या रानाच्या डोक्यावरनं."
पावसात तारा गुणगुणायच्या, शेजारी घाबरायचे.
तिने खाट मुद्दाम त्या बाजूला ओढून घेतली होती.
शेवटपर्यंत तिकडेच तोंड.

मग चार पानं भराभर.
मजला, रक्कम, तारीख.
त्या वर्षांत घर म्हणजे चपला काढायची जागा,
हे पानांनाही कळलेलं.

मग त्यांनी चालू सालची डायरी उघडली.
पेन झटकलं.
"बोला. मजला?"
नववा.
"उजेड?"
पूर्वेचा.
"पाणी?"
चोवीस तास.
दलालीच्या जागी त्यांनी आडवी रेघ मारली,
सावकाश, पट्टी लावून.
खालच्या ओळीत लिहिलं, तुम्ही म्हणालात,
आणि पेन तसंच धरून थांबले.

मी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा
बोटाला गुंडाळत बसले.

पहिल्या रात्री नव्या घरात
साडेचारला जाग आली.
अंधारात चाचपडत मोरीत गेले,
नळ सोडला.
पाणी होतं.
उगीचच एक बादली भरून ठेवली.