दहाव्या मैलावरून

नाशकातून आग्रा रोडला लागलं
की दहावा मैल नावाचा एक स्टॉप येतो.
मैल गेले, किलोमीटर आले,
दगड कुणी उपटून नेला तेही आठवत नाही कुणाला,
कंडक्टर मात्र अजून ओरडतो, दहावा मैल, चला दहावा मैल.
तिथून डावीकडे, जानोरीच्या अंगाला,
आमचा विमानतळ.

माझी ड्यूटी पहाटेची.
स्वेटरवर जॅकेट, जॅकेटवर ओळखपत्र,
आणि पहिलं काम बिरसीला फोन.

बिरसी म्हणजे पार गोंदियाकडे,
धानाच्या बांध्यांमध्ये आखलेली एक धावपट्टी
आणि तिच्या टोकाशी बोपचे.
"दिसून राहिलं का काही?" मी त्यांच्याच बोलीत विचारायची.
"धुकं बसून राहिलं मॅडम, म्हशीवानी.
उठंल तवा उठंल."
मी लिहायची : दृश्यता सहाशे मीटर.
म्हशीला रकाना नव्हता.

आकाशातून पावणेसातशे किलोमीटर.
विमानाला दीड तास,
वारा समोरून असला तर वर दहा मिनिटं.
रेल्वेनं अख्खी रात्र जाते आणि सकाळही.
रस्त्यानं एक वऱ्हाड गेलं होतं म्हणतात,
मुहूर्त अकोल्यातच टळला.

सूर्य तेवढा पंचवीस मिनिटांत येतो,
उन्हाळ्यात जरा जास्त, थंडीत जरा कमी.
"निघाला बघा इकडून," बोपचे सांगायचे,
"सामान काही नाही."
मी घड्याळ बघून ठेवायची.
चहा, रजिस्टरात तारीख,
पहिल्या प्रवाशाची दोरीनं बांधलेली बॅग,
आणि हँगरच्या पत्र्यावर तो टेकायचा,
चाकांचा आवाजसुद्धा न करता.
"पोचला," मी कळवायची.
"नोंद करा," ते म्हणायचे,
आणि दोघंही हसायचो, सरकारी लाईनवर.

तीन वर्षं.
त्यांना चष्मा आहे की नाही
हे मला अजून माहीत नाही.

तिकडून आलेल्या शेवटच्या विमानात सतरा प्रवासी होते
आणि एक कापडी पिशवी.
स्केचपेननं लिहिलेलं : शिरसाठ मॅडम, ओझर.
आत चिन्नोर तांदूळ.
सवयीनं काट्यावर ठेवली,
तीन किलो एकशे चाळीस.
वरचे एकशे चाळीस पिशवीचे असतील म्हटलं.
मी परतीच्या फेरीनं मनुके पाठवणार होते.
परतीची फेरी नव्हती.

वेळापत्रकातल्या त्या ओळीवर आता पांढरी पट्टी आहे.
लाईन चालू आहे, कारण बंद आहे.
बोपचे मार्चात निवृत्त झाले,
ही बातमी टपालानं आली.
नऊ दिवस लागले तिला.

तांदूळ पुरवून पुरवून दिवाळीपर्यंत नेला.
मनुक्यांचा डबा लॉकरमध्ये आहे,
उघडला की गोड, जुनाट वास येतो.

पहाटे मी अजून येते.
हात चोळत घड्याळात बघते,
म्हणजे त्यांच्या अंगणात पडलं असेल ऊन,
उठली असेल म्हैस.
कुणी विचारत नाही, कुणाला कळवायचं नाही.
पत्रा तांबूस होतो.
मी समासात, बारीक अक्षरात लिहिते :
सात वाजून चार. आला.
सामान काही नाही.