घडी

शालन, तू फोनवर विचारलंस, परवडते का ती सायकल?
आधी वजन सांगते: बारा किलो दोनशे.
रेशन दुकानाच्या काट्यावर ठेवून बघितलं,
दुकानदार नको नको म्हणत असताना.
चाकं एवढीशी, की मंगळवार पेठेतली पोरं
"मावशी, नातवाची आणली काय?" करत मागं पळतात.
खड्डा दिसला की उतरायचं.
टाकाळ्याच्या चढाला तर ती मला ओढते की मी तिला,
अजून ठरलेलं नाही.

पण माझं काम काय ते आठव.
सहाला घर सोडायचं. पाठीवर बर्फाची पेटी,
कापूस, स्पिरिट, लाल-जांभळ्या टोपणांच्या नळ्या,
आणि यादीत अकरा माणसं,
चहावाचून चिडलेली.

स्कूटर होती तेव्हा दारोदार भांडण.
इथं लावू नका. आमची गाडी अडली.
शुक्रवार पेठेत एका आजारी बाईंची शीर
मोठ्या मुश्किलीनं सापडली होती,
खालून कुणीतरी हॉर्न धरून ठेवला.
शीर गेली. बाई रडल्या. दुसऱ्या हातावर टोचलं.
त्या दिवशीच ठरवलं मी.

आता दारात उतरते. खटका, सीट खाली, हँडल आडवं.
चौदा सेकंद.
कुठं जिन्याखाली, कुठं चपलांच्या शेजारी,
एकीकडं न्हाणीघरात, बंबाला टेकून.
कुलूप नको, किल्ली नको, पावती नको.
नव्या साडीची घडी आपण एकदाच मोडतो ना,
आणि तीही मुहूर्त बघून.
हिची मी सकाळी अकरा वेळा मोडते.

बावड्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
ताई, हे सामान की प्रवासी?
मी म्हटलं, दुमडलंय तोवर सामान.
त्यानं थोडा विचार केला आणि मला मागच्या सीटकडं बोट दाखवलं.
तिकीट एकच फाडलं.

मोडली नाही असं नाही.
मार्चात बिजागरीची पिन गेली, भर बिंदू चौकात,
मी अर्धी इकडं, अर्धी तिकडं.
कंपनी म्हणाली, पार्ट यायला सहा आठवडे.
उद्यमनगरात बाबालाल मुजावरांच्या लेथवर नेली.
त्यांनी मोडकी पिन दिव्याकडं धरून बघितली,
एखाद्या वाया गेलेल्या पोराकडं बघावं तशी,
आणि वीस मिनिटांत नवी कातून दिली.
"एक सूत जाड घेतलीय. सायकल जाईल, पिन राहील."
ऐंशी रुपये.

आणि एक हिंदुराव आहेत, उत्तरेश्वरला.
तीस वर्षं फौंड्रीत साचे भरले, आता हात थरथरतात.
दर पंधरवड्याला साखर तपासायची.
रक्त देताना माझ्याकडं बघत नाहीत,
सायकलीकडं बघतात.
परवा म्हणाले, मला मिटू दे एकदा.
घड्याळात आठ वीस. पेटीतला बर्फ पाणी व्हायला लागलेला.
दे म्हटलं.
खटका सापडेना. सापडला तर दाबवेना.
सून आतून म्हणाली, मामा, त्यांना उशीर होतोय.
मी म्हटलं, नाही होत.
खोटंच.
सीट खाली घेताना त्यांनी एकदा बोट चिमटून घेतलं,
शिवी हासडली, माझ्याकडं बघून गिळली,
आणि मग आलाच तो आवाज. खट.
साडेचार मिनिटं.
त्यांनी मिटलेल्या सायकलीवर थाप मारली,
"ढलाई बरी आहे," म्हणाले.
ढलाई नाहीच ती, अॅल्युमिनियमची नळी आहे.
मी काही बोलले नाही.

लॅबला पोचले तेव्हा नऊला सात कमी होती.

तर शालन, सांगलीत रस्ते सपाट आहेत, तू घे.
तिसरा मजला असेल तर एकदा उचलून बघ.
मडगार्ड मोठं बसव.
आणि पिन तिथं बदलू नकोस,
रविवारी इकडं घेऊन ये.