कुत्रा आवरा

इथे दारावर टकटक करत नाहीत.
कुंपणाबाहेर थांबून ओरडायचं, नोखोई खोर!
म्हणजे, कुत्रा आवरा.
एकोणिसाव्या वर्षी, उलानबातारच्या वरच्या टेकडीवर,
उणे तेहतीसमध्ये
ही माझी पहिली प्रार्थना.

मी सामोआचा. बर्फ पाहिलेला
तो फक्त मासे ठेवायच्या पेटीत.
जोडीदार विल्मर पेरूच्या डोंगरातला,
त्याला थंडीचं कौतुक नाही.
तो माझ्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून देतो
आणि म्हणतो, लाफाएले, नाकानं श्वास घे.

त्सेरेनदुलमबाईंच्या तंबूत शिरताना
उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, एवढं पाठ होतं.
आणि एक वाक्य:
बुर्खान तुमच्यावर प्रेम करतो.
तिनं खारट दुधाचा चहा ओतला,
हनुवटीनंच दाखवलं:
नारिंगी पेटाऱ्यावर, नातवाच्या कुस्तीच्या पदकाशेजारी
पितळेचा बुर्खान बसलेला.
तो करतोच, ती म्हणाली. तू कशाला आलास?

शब्द एकच, तिचा आणि माझा.
शिकवणीत हे सांगितलं होतं,
वहीत मी खाली दोन रेघाही ओढल्या होत्या,
उत्तर तेवढं उतरवून घेतलं नव्हतं.

विल्मरनं कोपऱ्यातला रिकामा कॅन उचलला.

पाण्याची टपरी उतारावर, साडेतीनशे पावलं.
परत येताना त्यांची सातशे होतात.
पहिल्याच आठवड्यात घसरलो, झाकण उडालं,
मी उठेपर्यंत अख्ख्या गल्लीची काच झाली होती.
शेजारचा ट्रकवाला राखेची बादली घेऊन आला;
तो मला जे बोलला
त्यातले दोन शब्द शब्दकोशात नाहीत.

फोनवर हे ऐकून बाबा खोकला लागेपर्यंत हसले.
मग म्हणाले, तौतुआ.
आमच्याकडे सेवेला तौतुआ म्हणतात:
थोरांची पानं आधी वाढायची,
पहाटे भट्टीचे दगड तापवायचे,
बोलायची पाळी येईस्तोवर गप्प वाहायचं.
बाबांची पाळी यायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

फेब्रुवारीत ते गेले.
होडी परत आली,
म्हणजे कुणीतरी ओढून आणली.
मिशनच्या अध्यक्षांनी विचारलं, जायचंय घरी?
आई म्हणाली, राहा.
मग बराच वेळ तिनं फोन ठेवला नाही,
मागे समुद्र ऐकू येत होता,
नेहमीसारखाच, निर्लज्ज.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारी पाणी.
विल्मरनं तिला सांगितलं असावं.
कॅन खाली ठेवला तशी ती म्हणाली, नाव काय त्यांचं?
आउकुसो.
तिनं तोंडात घोळवून पाहिलं: अऊ... खुस.
खुस म्हणजे बर्च, नातू म्हणाला,
पांढऱ्या सालीचं झाड.
बाबांनी असलं झाड जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं पेटाऱ्यावर तुपाचा दिवा मांडला.
हात थरथरतात तिचे. पहिली काडी विझली, दुसरी मोडली.
तिनं काडेपेटी माझ्यापुढे धरली.

नियमांच्या पुस्तकात पुष्कळ आहे, हे नाही.
विल्मर खिडकीतून बाहेर बघत राहिला;
तंबूला खिडकी नव्हती.
काडी मी ओढली.
डोकं वाकवलं की नाही, खरंच आठवत नाही,
तिथलं छतच बुटकं
आणि मी आमच्या गावात सगळ्यांत उंच.

रविवारी तक्ता भरायचा असतो:
भेटी, पाठ, बाप्तिस्मे.
भेटी एक, बाकी शून्य लिहिलं.
पाणी, चाळीस लिटर: याला रकाना नाही.

काल कुंपणाशी ओरडायलाच विसरलो.
कुत्र्यानं एक डोळा उघडला,
कॅन हुंगला,
आणि पुन्हा राखेवर जाऊन पडला.
पाणी थोडं सांडलंच.